लिंबाखालची काळी गाडी

आधी एक कबूल करा. माझं सांगून संपेपर्यंत कुणी हसायचं नाही. नंतर काय ते हसून घ्या. नंदनवनातली अर्धी गल्ली माझ्यावर हसून बसली आहे, त्यात तुमची चार-पाच माणसांची भर पडल्यानं माझं काही बिघडणार नाही.

मी स्वतःला हुशार समजते. समजते म्हणजे काय, आहेच. बी.एस्सी., पहिला वर्ग. सावनेरच्या पुढे एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत तपासायचं काम करते. मूठभर कापूस हातात द्या, धागा किती लांब निघेल, ओल किती आहे, वर चांगला आणि खाली जुना कापूस दाबून आणलाय का, सगळं सांगते. जन्मभर कापूस विकलेली माणसं माझ्यासमोर गप्प उभी राहतात. आता अशा मुलीला एक जुनी मोटारसायकल पारखता येऊ नये?

तेच तर सांगतेय.

आम्ही राहतो सक्करदऱ्यात. तिथून माझं जिनिंग म्हणजे जायलाच पंचेचाळीस किलोमीटर. उन्हाळ्या-पावसाळ्यात काम कमी, एसटीनं रमतगमत दहाला पोचलं तरी चालायचं. पण दसरा झाला की कापूस यायला लागतो. आमच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "केतकी मॅडम, सोमवारपासून आठ म्हणजे आठ. जमत नसेल तर सावनेरातलंच कोणी पाहतो."

आठला पोचवणारी एसटी नाही. घरात आईची स्कूटर आहे, पण त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक धावतात. एक ट्रक शेजारून गेला की ती स्कूटर माझ्यासकट रस्त्याच्या कडेला नमस्कार करून येते. म्हणून मला हवी होती जरा मोठी, जड, रस्त्याला धरून राहणारी गाडी. नवी परवडत नाही. जुनीच, आणि पंचावन्न हजारांच्या आत, कारण तेवढेच साठले होते.

बाबांकडे याच्यावर वेगळाच उपाय होता. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला अडवून धरायची त्यांना सवय आहे.

"गाडी कायले पाहिजे? सावनेरले आत्या आहे ना तुही. तिच्याकडे राहा."

आता माझी आत्या तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही शांत बसला आहात. आत्या नऊ वाजता दिवे घालवते. नऊ वाजून पाच मिनिटांनी कुणाचा मोबाईल उजळला तर अंथरुणातून विचारते, "कोण आहे वं त्याच्यात?" सकाळी पोह्यांबरोबर एक स्थळ वाढते. संध्याकाळी त्याच स्थळाचा धाकटा भाऊ. मागच्या वर्षी दिवाळीत चार दिवस राहिले होते मी, तर पाचव्या दिवशी मला शिपायाचं स्थळसुद्धा बरं वाटायला लागलं होतं.

"आत्याकडे जाणार नाही," मी म्हटलं. "गाडी घेणार. आणि एकटी जाऊन घेणार."

"मामाले घेऊन जा सोबत."

मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. नरखेडकडे त्याची संत्र्याची बाग आहे आणि त्याच्या मते पूर्ण तालुक्यात मोटारसायकल फक्त त्यालाच कळते. त्याची पद्धत काय? इंजिनाला कान लावतो आणि डोळे मिटतो. मग विकणाऱ्याच्या आजोबांचं गाव विचारतो. मग चहा. तासाभरानं म्हणतो, "माणूस चांगला आहे, घेऊन टाक." अरे, मला काय त्या माणसावर बसून सावनेरला जायचंय?

मोटारसायकल मी शिकले ती मात्र मामाच्याच गाडीवर, त्याच्याच बागेत, बारावीच्या सुट्टीत. महिनाभर. एकदा पाण्याच्या पाटात गेले, पण तो पाट मधेच होता. ती गाडी म्हणजे चाकांवरचं ढेकूळ. टाकीपासून मागच्या दिव्यापर्यंत काळी माती, मागे संत्र्यांच्या क्रेट बांधायच्या दोऱ्या. तिचा मूळ रंग कोणता, यावर आमच्या घरात दोन मतं होती.

तर मामा नको, असं मी ठणकावून सांगितलं. बाबांनी पंख्याचा वेग एकनं कमी केला.

"ठीक आहे. एकटी जा. पण फसली, तर पुरा हंगाम आत्याकडे. बोल, कबूल?"

"कबूल."

म्हणजे बघा, काय पणाला लागलं होतं. गाडी नाही, नोकरीही नाही. दसऱ्यापासून होळीपर्यंतच्या माझ्या सगळ्या संध्याकाळी.

मग मी अभ्यासाला लागले. आठवडाभर रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो, दीडशे सीसी पुरे. दुसरा म्हणतो, हायवेला दीडशे म्हणजे सायकल. एक म्हणतो, किलोमीटर कमी असलेली घ्या. दुसरा म्हणतो, कमी किलोमीटर म्हणजे काटा मागे फिरवलेला. एक सांगतो, शोरूममधून घ्या. दुसरा सांगतो, घरून घ्या. तिसरा गाडीबद्दल काहीच सांगत नाही, फक्त हेल्मेट विकतो. गुरुवारपर्यंत माझी अशी अवस्था झाली की झोपेत कुणी नाव विचारलं असतं तर मी मायलेज सांगितलं असतं.

तरीही मी एक यादी केली. तपासायच्या एकतीस गोष्टी. त्यातल्या तीन गोष्टी मी मोठ्या अक्षरांत लिहिल्या होत्या. विकणाऱ्याला बोलू देऊ नका. गाडी आपल्या मेकॅनिककडे न्या. घाई दाखवू नका, त्याचे फोन उचलू नका.

आणि मग ती जाहिरात दिसली. एकशे ऐंशी सीसी, काळी, एकाच मालकाची, बावन्न हजार. पत्ता नंदनवनचा, म्हणजे आमच्यापासून रिक्षानं दहा मिनिटं. विकणारे लांजेवारसर, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे शिक्षक. फोनवर त्यांनी रविवारी अकराला यायला सांगितलं. दसरा शनिवारी होता. पत्ता मी कागदावर लिहून फ्रिजला लावला. ही माझी पहिली चूक, पण ती पुढे कळेल.

रविवारी अकराला बोलावलं होतं, मी सव्वादहालाच पोचले. मुद्दाम. विकणाऱ्याला तयारीला वेळ द्यायचा नाही, यादीतला सातवा मुद्दा.

सरांचं घर पहिल्या मजल्यावर. दार उघडायला त्यांनी बराच वेळ लावला. आत कसलीतरी धावपळ ऐकू आली, भांडं पडलं, मग सर दारात. पांढरा सदरा, कानाला पेन्सिल, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखे भाव.

"तू… तुम्ही… अकराला येणार होत्या ना?"

"आले लवकर."

आत शिरले तर टीपॉयवर दोन कप. दोन्हीतून वाफ निघत होती. चिवड्याच्याही दोन बश्या. आणि घरात सर एकटेच राहतात, हे त्यांनीच फोनवर सांगितलं होतं. स्वयंपाकघराचा पडदा हलत होता.

माझ्या लगेच लक्षात आलं. दुसरं गिऱ्हाईक! माझ्याआधी कुणाला तरी बोलावलंय आणि आत लपवलंय, भाव वाढवायला. असं असतं बघा म्हाताऱ्या माणसांचं. दिसतात साधी.

"बसा ना," सर म्हणाले. सर बोलतात कसे, ते सांगायला हवं. एकेक शब्द कागदावर आधी पेन्सिलीनं काढून मग गिरवल्यासारखा. "सोबत… कुणी मोठं… आलं नाही का?"

हा प्रश्न मला नेमका झोंबतो. मी पडद्यामागच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सर, मोठ्यांना आणून उपयोग काय? माझे एक मामा आहेत. त्यांना वाटतं, आपल्याला गाडीतलं फार कळतं. इंजिनाला कान लावतात, जसं काही ते इंजिन यांना सुखदुःख सांगणार आहे. स्वतःची गाडी पाहाल तर भंगारवालाही उचलून नेणार नाही. अशा माणसाचा सल्ला घ्यायचा?"

सरांना जोरात खोकला आला. पडदा एकदम स्थिर झाला.

"किल्ली द्या," मी म्हटलं.

"हो. गाडी खाली… लिंबाखाली आहे. काळी. कालचा झेंडूचा हार आहे तिला. आणि हे बघा, तिच्यावर मी—"

"सापडेल मला, सर."

"नाही, पण तिच्यावर—"

"काळी गाडी लिंबाखाली सापडणार नाही का मला? कापूस तपासते मी." आणि किल्ली घेऊन मी जिना उतरलेसुद्धा.

खाली लिंब होता. लिंबाखाली काळी गाडी होती. तिला झेंडूचा जाडजूड हार होता, हेडलाइटपासून पुढच्या नंबरप्लेटपर्यंत लोंबणारा. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. धुऊन पुसून लख्ख. पलीकडे भिंतीला लागून राखाडी कव्हरखाली काहीतरी झाकलेलं होतं, तिकडे मी कशाला बघू? किल्ली लावली, फिरली, बटण दाबलं, सुरू.

आणि काय सांगू, बसल्याबरोबर असं वाटलं की ही गाडी माझीच आहे. हात आपोआप जागेवर गेले. सीटचा खड्डासुद्धा मापाचा. मनात म्हटलं, केतकी, हेच ते. व्हिडिओवाला म्हणाला होता, योग्य गाडी असली की अंगाला कळतं.

गुड्डूभाऊंचं गॅरेज रेशीमबागेच्या बाजूला. मैत्रिणीच्या ओळखीनं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. काल त्यांनी पाने-हातोड्यांची पूजा करून सगळं बंद ठेवलं होतं, आजची पहिली गाडी माझीच. त्यांनी दोन चकरा मारल्या, परत आले आणि गाडीकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर आधी पेशंटकडे आणि मग नातेवाइकांकडे पाहतात.

"मॅडम, गाडी कोणाची होय?"

"एका सरांची. रिटायर आहेत. फक्त बाजारापुरती चालवली म्हणे."

"बाजार वावरात भरते का त्यांचा?" त्यांनी मडगार्डच्या आत स्क्रू ड्रायव्हर घालून काळ्या मातीचा एक पापुद्रा काढला. मग सीट उचलली. खालून तीन पानं निघाली. त्यांनी चुरगळून वास घेतला. "संत्रा."

मी हादरले. ड्रॉइंगचे सर, नंदनवन, आणि संत्र्याची पानं? म्हणजे म्हाताऱ्यानं गाडी शेतीकामाला लावलेली दिसते आणि मला एकहाती, घरगुती म्हणून खपवतोय.

"आरसी पाह्यलं का? नंबर जुळवला का?"

"कागद शेवटी. आधी गाडी सांगा."

गुड्डूभाऊंनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहायला. चेन कधीही तुटेल. मागचा ब्रेक नावापुरता. डावा फूटरेस्ट वाकून सरळ केलेला, म्हणजे डावीकडे जोरात पडलेली. आणि क्लच प्लेटी जळालेल्या.

"ह्या अशा नाई जळत मॅडम. कोणी तरी नवशिक्यानं या गाडीवर शिकली आहे गाडी. क्लच अर्धा दाबून ठेवायचा आणि वरतून रेस द्यायची. महिनाभर असं केल्याबिगर इतक्या नाई जळत. अन् मालकानं त्या तशाच चालवल्या."

"कुठलं गाढव असेल हो?" मी विचारलं.

"गाढव असो का कोणी असो, हात लय जड आहे त्याचा."

आम्ही दोघं त्या गाढवावर मनमुराद हसलो. मीच जास्त.

"आता ही परत नेऊ नका अशीच," ते म्हणाले. "चेन तुटली रस्त्यात तर फेकून देईल तुम्हाले."

मी दोन मिनिटं विचार केला. म्हणजे मला तसं वाटलं. पडद्यामागे दुसरं गिऱ्हाईक बसलंय, उद्या सोमवार आहे, आणि गाडीवर बसल्यावर अंगाला कळलं होतं. मी म्हटलं, टाका सगळं नवीन. चेनसेट, क्लच प्लेटी, ब्रेक. पैसे मी देते, आणि म्हाताऱ्याच्या किमतीतून याच्या तिप्पट कापून घेते.

दोन तास लागले. तीन हजार सातशे झाले.

त्या दोन तासांत माझा फोन काय वाजला! आधी सरांचा. मी मनात हसले. घाबरला म्हातारा, गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून. कट. पुन्हा सर. कट. मग मामाचा फोन. याला आज बरोबर सल्ला द्यायची उबळ आली. कट. मग बाबा. फसलीस का, हेच विचारणार. कट. पुन्हा मामा, पुन्हा सर, पुन्हा बाबा, जसं काही तिघांनी मिळून पाळ्या लावल्या होत्या. शेवटी मी फोन पालथा घातला. तिन्ही म्हाताऱ्यांना माझ्यावाचून काही सुचत नाही, असं म्हणून गुड्डूभाऊंबरोबर एक चहा घेतला.

परत आले तेव्हा एक वाजायला आला होता. लिंबाखाली ऊन आलं होतं म्हणून गाडी फाटकाबाहेर सावलीत लावली आणि यादी घेऊन वर गेले. सर दारातच उभे होते, घामेघूम.

"पोरी, आलीस. अगं, फोन किती… इथे खाली एक गाडी—"

"गाडीबद्दलच बोलायचं आहे. बसा, सर."

"नाही, पण ती गाडी चोरी—"

"विषय बदलू नका. बसा म्हटलं ना."

बसले बिचारे. आता पडदा उघडाच होता, आत कुणी नव्हतं. दुसरं गिऱ्हाईक कंटाळून गेलं, मी ओळखलं. माझा आवाज आणखी चढला.

"चेन. संपलेली."

"मागच्या महिन्यात तर नवीन…"

"मी डोळ्यांनी पाहिली, सर. ब्रेक नाही. डावीकडे पडलेली आहे."

"माझी? ती तर मी स्टँडवरून उतरवतानासुद्धा…"

"मडगार्डमध्ये मूठभर काळी माती. सीटखाली संत्र्याची पानं."

सरांनी कानाची पेन्सिल काढली, पाहिली, परत लावली. "संत्र्याची? मला तर आंबट चालत नाही."

"आणि क्लच. तुमच्या घरातलं कुणीतरी त्या गाडीवर शिकलंय. कुण्या गाढवानं महिनाभर अर्धा क्लच दाबून त्या प्लेटींचा कोळसा केलाय, सर. आणि तुम्ही लिहिता, एकहाती."

"मुलगा पुण्याला… त्याला तर गाडी…" सरांचा चेहरा असा झाला होता की आपण आयुष्यभर जिला आपली समजलो, ती गाडी आपल्यामागे कुठं कुठं जात होती, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला असावा. ते इतके गोंधळले की मला जिंकल्यासारखं वाटलं.

"चव्वेचाळीस हजार," मी म्हटलं. "एक रुपया जास्त नाही."

सरांनी चष्म्यासारखी ती पेन्सिल नीट केली आणि हळूच म्हणाले, "इतकं असेल तर… मी कोणत्या तोंडानं जास्त मागू?"

झालं. जिंकले. आत्या हरली, बाबा हरले, मामा तर मैदानातच नव्हता.

तेवढ्यात खालून आवाज आला. "सापडली, भाऊजी! हे पाहा, उभी आहे ना इथं!"

हा आवाज मी नरखेडच्या बाजारातही ओळखला असता. गॅलरीत धावले. खाली फाटकाबाहेर मामा. त्याच्या शेजारी बाबा, हातात कसलासा कागद. आणि मामा माझ्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवत होता.

मामा इथे का, बाबा इथे का, काही कळेना. पण सौदा आधी. मी वरून ओरडले, "मामा, त्या गाडीला हात लावू नकोस. माझा सौदा चालू आहे!"

मामानं वर पाहिलं. हार, टाकी, मी, परत टाकी.

"सौदा? माह्या गाडीचा?"

तुम्ही हसताय. आपलं काय ठरलं होतं?

जिना उतरायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. सर माझ्यामागून आले, भिंतीकडे गेले आणि ते राखाडी कव्हर दोन बोटांनी उचलून बाजूला केलं. खाली अगदी तशीच एक काळी गाडी. झेंडूचा हार. चेन तेलानं चमकत होती, फूटरेस्ट सरळ, चाकांच्या ताराही पुसलेल्या.

"तिच्यावर कव्हर आहे," सर म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं सकाळी."

मग एकेक उलगडत गेलं. बाबांनी फ्रिजवरचा पत्ता पाहून मामाला फोन केला होता. पोरगी ऐकत नाही, तू अकराच्या आधी जाऊन गाडी पाहून ये, तिला कळू देऊ नको. मामा पहाटे निघून साडेनऊला पोचला, गाडी पाहिली, इंजिनाला कान लावला, पास केली, सरांच्या आजोबांचं गाव विचारलं, आणि चिवडा खायला बसला. तेवढ्यात मी. मामा स्वयंपाकघरात. पडद्यामागचं दुसरं गिऱ्हाईक ते.

"मग तुझी गाडी ओळखू कशी येणार मला?" मी मामावरच उसळले. "ही कधी अशी दिसली आहे का आजपर्यंत?"

"दसऱ्याले धुतली ना वं. मामी म्हणे, यंदा तरी धुवा."

मी जन्मात ती गाडी धुतलेली पाहिली नव्हती, सांगा, यात माझं काय चुकलं?

"अन् किल्ली? किल्ली तर सरांची होती माझ्याकडे."

"अवं, तिचं लॉक घासून गेलं आहे सारं. चमच्यानंबी फिरते."

मी गेल्यावर त्यांनी गॅलरीतून पाहिलं, तर सरांची गाडी कव्हरखाली जशीच्या तशी आणि मामाची गायब. गाडी न सापडल्यानं मी रागावून पायीच निघून गेले आणि मामाची गाडी चोरीला गेली, असा त्यांनी हिशोब लावला. बाबांना बोलावलं आणि दोघं पोलीस चौकीत गेले.

"तिथं त्यानं विचारलं, गाडी दिसते कशी?" मामा म्हणाला. "आता धुतल्यावर कशी दिसते, हे मलेच पुरतं ध्यानात नव्हतं. पण खरं सांगू केतके, आंदरून बरं वाटून राह्यलं होतं. म्हटलं, भंगारवालाबी उचलत नाही म्हणणाऱ्यांनो, पाहा, चोरानं नेली."

मी जमिनीकडे पाहिलं. पडद्यामागे ऐकू येत होतं तर.

मामानं गाडी सुरू केली, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच राहिलं होतं. "भाऊजी, हिचा ब्रेक लागते."

"तीन हजार सातशे लागले," मी म्हटलं. "ते दे आता."

"कायचे पैसे?"

आणि इथे सरांनी, अगदी सरळ मनानं, मदत करायला म्हणून तोंड उघडलं. "त्यांनी क्लचसुद्धा बदलला असणार हो. त्या सांगत होत्या, कुणी एक गाढव या गाडीवर शिकलं. महिनाभर. त्यानं जाळला."

मामा माझ्याकडे बघत राहिला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. लिंबावरचा कावळासुद्धा माझ्याचकडे बघत होता.

"बारावीची सुट्टी," मामा हळूच म्हणाला. "पाटात कोण गेलं होतं वं? डाव्या बाजूनं?"

पैशांचा विषय तिथेच संपला.

उरला आत्याचा. बाबांनी चौकीतला कागद घडी घालून खिशात ठेवला. मी मनात मोजायला लागले. दिवे नऊला, पोह्यांबरोबर स्थळ, होळीपर्यंत.

"अट काय होती?" बाबा म्हणाले. "फसली तर. तुले कोणी फसवलं?"

"कोणीच नाही."

"सरांनी?"

"नाही."

सर म्हणाले, "मुलीनं गाडी अतिशय पद्धतशीर तपासली. फक्त गाडी दुसरी होती."

बाबा हसले नाहीत, पण मिशी हलली. आत्या टळली. बदल्यात सरांना त्यांचे बावन्नच्या बावन्न द्यावे लागले, त्यांनी चव्वेचाळीसचं नावही काढलं नाही, आणि मी तर नाहीच नाही. माझ्याजवळ सातशे कमी पडले. ते मामानं दिले. खिशातून काढताना एवढंच म्हणाला, "माणूस चांगला आहे, घेऊन टाक."

मी सोमवारी पावणेआठला जिनिंगच्या फाटकात होते. महिना झाला, एक दिवस उशीर नाही. कोळशाचे ट्रक शेजारून जातात, गाडी हलत नाही. मामाची गाडीही म्हणे आता चढावर पळते आणि तो साऱ्या नरखेडात सांगत फिरतो की भाचीनं दसऱ्याला भेट दिली.

परवा सर्व्हिसिंगला गुड्डूभाऊंकडे गेले. या वेळी खरोखरची सरांची गाडी, नंबर दाखवून, आरसी हातात धरून. त्यांनी एक चकर मारली, परत आले, इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ क्लचकडेच बघत राहिले.

"मॅडम, राग नका मानू," ते म्हणाले. "पण ते गाढव आता या गाडीवरबी बसून राहिलं आहे."